मैदानावरचे प्रश्न

पुण्यात पहाट झाली, की शाळांच्या घंटा वाजण्यापूर्वीच मैदाने जागी होतात. बालेवाडीच्या धावमार्गावर फेऱ्या सुरू होतात. पेठांतल्या तालमींतून शड्डूचा आवाज येऊ लागतो. कुठे एरंडेल लावलेल्या मल्लखांबावर मुले चढत असतात, तर कुठे खो-खोच्या रांगेत बसलेल्या मुली 'खो' मिळण्याची वाट पाहत असतात. या मुलामुलींचे हातपाय काम करीत आहेत, हे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. परंतु त्याच वेळी त्यांचे मनही काम करीत असते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

हे मन प्रश्न विचारीत असते. पृथ्वी स्वतःभोवती एवढ्या वेगाने फिरते, तर उडी मारलेला मुलगा पुन्हा त्याच जागी कसा उतरतो? फेकलेला भाला खाली येतो, मग चंद्र का खाली येत नाही? चेंडू हवेतल्या हवेत वळतो तो कशाने? उडीच्या वेळी क्षणभर अंग हलके झाल्यासारखे का वाटते? चंद्रावर क्रीडास्पर्धा भरविल्या, तर तिथे कोण किती उंच उडी मारील? धावून धावून दमलेला खेळाडू झाडाखाली घाम पुसत बसला, म्हणजे असे प्रश्न त्याला सहज सुचतात.

या प्रश्नांचे पुढे काय होते? मैदानावर ते विचारले, तर बहुधा उत्तर मिळते, "आधी आणखी दोन फेऱ्या मार, प्रश्न मग विचार." वर्गात विचारले, तर शेजारची मुले हसतात, कारण खेळणाऱ्या मुलाने विज्ञानाची शंका काढावी, ही गोष्ट त्यांना चमत्कारिक वाटते. 'हुशार मुले' आणि 'खेळकर मुले' अशी एक अदृश्य भिंत पुष्कळ शाळांत उभी असते. तिच्या एका बाजूला पुस्तक असते आणि दुसऱ्या बाजूला मैदान. प्रश्न विचारणारा खेळाडू त्या भिंतीवर बसलेला असतो, आणि त्याला दोन्हीकडून खाली उतरविले जाते. काही दिवसांनी तो प्रश्न विचारणेच सोडून देतो. यात त्याचे नुकसान तर आहेच. पण विज्ञानाचेही तितकेच नुकसान आहे. कारण खेळाडूचा प्रश्न हा अडाणी प्रश्न नसून, विज्ञानातील काही फार मोठ्या शोधांच्या मुळाशी असलेलाच तो प्रश्न होय.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु त्याचा पुरावा पुण्यातच उभा आहे. विद्यापीठाच्या परिसरात 'आयुका' या नावाने ओळखले जाणारे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र आहे. ते १९८८ साली स्थापन झाले. त्याच्या प्रांगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन या चार शास्त्रज्ञांचे पुतळे आहेत. एक भारतातला, एक इटलीचा, एक इंग्लंडचा आणि एक जर्मनीत जन्मलेला. त्यांच्यापैकी पहिल्यात आणि शेवटच्यात सुमारे चौदाशे वर्षांचे अंतर. परंतु मैदानावरच्या खेळाडूने यांच्यापैकी कोणाहीपुढे जाऊन आपली शंका सांगितली, तर ती त्यांना परकी वाटणार नाही.

पहिला प्रश्न उडीचा. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करते. पुण्याच्या अक्षांशावर हिशेब केला, तर येथील जमीन दर सेकंदाला सुमारे ४४० मीटर इतक्या वेगाने पूर्वेकडे धावत आहे. उडी मारणारा मुलगा अर्धा सेकंद हवेत राहिला, तर तेवढ्यात जमीन २२० मीटर पुढे निघून जाते. मग तो मुलगा क्रीडांगणाच्या पश्चिमेकडील भिंतीपलीकडे का पडत नाही? आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पृथ्वी फिरते असे सांगितले, आणि ते समजावण्यासाठी नावेचे उदाहरण घेतले. चालत्या नावेत बसलेल्याला काठावरची झाडेच मागे जाताना दिसतात. त्याचप्रमाणे फिरत्या पृथ्वीवरून तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात. पुढे गॅलिलिओने १६३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जहाजाचेच उदाहरण आणखी पुढे नेले. शांतपणे, एकाच वेगाने जाणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत कोणी उड्या मारल्या, तर त्या पुढच्या बाजूलाही तेवढ्याच पडतील आणि मागच्या बाजूलाही तेवढ्याच. कारण उडी मारणाऱ्याच्या अंगात जहाजाचा वेग आधीपासूनच असतो, आणि पाय जमिनीवरून सुटले म्हणून तो वेग नाहीसा होत नाही. मैदानावरच्या मुलाचेही तसेच आहे. तो उडी मारण्यापूर्वीच पृथ्वीबरोबर पूर्वेकडे चाललेला असतो, आणि हवेत असतानाही तो तसाच चाललेला असतो. आगगाडीत बसून हातातला चेंडू सरळ वर उडवून पाहावा. गाडी एकसारख्या वेगाने जात असेल, तर तो पुन्हा हातातच येतो.

येथे एखादा चिकित्सक खेळाडू विचारील, "मग पृथ्वी फिरते हे कळले तरी कसे?" हा प्रश्न पहिल्याहून सरस आहे. १८५१ साली पॅरिसमध्ये फूको या शास्त्रज्ञाने लांब तारेला जड गोळा टांगून याचे उत्तर दिले. असा लंबक झोके घेत असता, त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. त्याच्याखालची पृथ्वी फिरते म्हणून ती वळते. ध्रुवावर ही दिशा साधारण एका दिवसात पूर्ण फिरेल. पुण्याच्या अक्षांशावर तिला सुमारे ७५ तास लागतात. असा एक लंबक आयुकामध्येही आहे. ज्याने उडीचा प्रश्न मनापासून विचारला, त्याला तो लंबक पाहताना जो आनंद होईल, तो केवळ परीक्षेसाठी पाठ करणाऱ्याला होणार नाही.

दुसरा प्रश्न भाल्याचा. नीरज चोप्रा याने २०२१ साली टोकियो येथील ऑलिंपिक स्पर्धेत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले. एवढा जोर लावूनही भाला शेवटी जमिनीवर आलाच. चंद्र मात्र युगानुयुगे आकाशात आहे. यावर न्यूटनने एक सुंदर कल्पना मांडली. एका अतिशय उंच पर्वतावरून आडवा तोफगोळा सोडला, तर तो थोड्या अंतरावर पडेल. वेग वाढविला, तर अधिक दूर पडेल. वेग वाढवीत गेले, तर अशी एक वेळ येईल, की गोळा जितका खाली पडतो, तितकीच गोल पृथ्वीची जमीनही त्याच्याखाली वळत जाते. मग तो पडतच राहील, पण जमिनीला कधीच टेकणार नाही. हवेचा अडथळा नसेल, तर त्यासाठी दर सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर इतका वेग हवा. उत्तम भालाफेक्याच्या हातून सुटलेल्या भाल्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर असतो. म्हणजे भाला आणि चंद्र यांच्यावरचा नियम एकच. फरक आहे तो वेगाचा आणि उंचीचा. चंद्रही पडतच आहे. 'चंद्र का पडत नाही?' असे विचारणाऱ्या मुलाला 'तो पडतो आहे' असे उत्तर मिळाले, तर तो दचकेल. परंतु हे दचकणे हीच ज्ञानाची सुरुवात होय.

न्यूटनचे मैदानाशी असलेले नाते एवढ्यावरच संपत नाही. १६७२ साली त्याचा प्रकाशावरील प्रसिद्ध निबंध छापला गेला. त्यात प्रकाशाचे किरण वाकड्या वाटेने जात असतील काय, या शंकेचा विचार करताना त्याला आठवण झाली ती टेनिसच्या चेंडूची. रॅकेट तिरपी धरून मारलेला चेंडू हवेत वळतो, हे त्याने पुष्कळदा पाहिले होते. फिरकी घेतलेला चेंडू आपल्याभोवतीच्या हवेला एका बाजूला ढकलतो, आणि म्हणून हवा त्याला उलट बाजूला ढकलते. जगातील एका थोर बुद्धिवंताने प्रकाशाचा विचार करताना खेळातल्या चेंडूचा आधार घेतला. मग फिरकी गोलंदाजी करणाऱ्या मुलाने 'चेंडू का वळतो?' असे विचारले, तर त्याला कोणी का हसावे?

तिसरा प्रश्न हलकेपणाचा, आणि तो सर्वांत नवलाचा आहे. मल्लखांबावरून उडी टाकणाऱ्या मुलाला, झोपाळ्याच्या टोकाशी पोहोचलेल्या मुलीला, तलावात उंचावरून सूर मारणाऱ्या पोहणाऱ्याला एक क्षण असा येतो, की आपल्याला वजनच उरले नाही असे वाटते. हा भास नव्हे. १९०७ साली बर्न शहरातील पेटंट कचेरीत काम करीत असता आइन्स्टाइनच्या मनात विचार आला, की वरून मोकळेपणी पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही. हा आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाचा विचार होता, असे त्याने पुढे म्हटले. त्याच विचाराच्या मागे जाता जाता १९१५ साली त्याने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त पूर्ण केला. त्या सिद्धान्ताने भाकीत केलेल्या गुरुत्वीय लहरी २०१५ साली प्रत्यक्ष नोंदविल्या गेल्या. त्या कार्यात आयुकातील शास्त्रज्ञांचाही वाटा होता. अशाच लहरी टिपणारी एक वेधशाळा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. मल्लखांबावरून उडी टाकणाऱ्या मुलाला पोटात जो गोळा आल्यासारखा वाटतो, तेथून ही वाट सुरू होते.

याच ठिकाणी एक चुकीचे उत्तर सर्वत्र पसरलेले आढळते. अंतराळवीर यानात तरंगतात, कारण 'तिथे गुरुत्वाकर्षण नसते', असे मुलांना सर्रास सांगितले जाते. वस्तुतः आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते, आणि तेथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे नव्वद टक्के असते. अंतराळवीर तरंगतात, ते यान आणि ते स्वतः असे दोघेही न्यूटनच्या गोळ्याप्रमाणे एकसारखे पडत असतात म्हणून. उडी मारलेला खेळाडू अर्ध्या क्षणापुरता अंतराळवीर असतो. अंतराळवीर हा महिनोन् महिने उडीत असलेला खेळाडू होय. याची परीक्षा घरीही करता येते. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडून तीत पाणी भरावे आणि झाकण काढून ठेवावे. भोकातून धार लागते. मग ती बाटली उंचावरून मोकळी सोडावी. ती पडत असेपर्यंत धार थांबलेली दिसते. कारण बाटली आणि पाणी दोन्ही एकाच वेगाने पडत असल्यामुळे पाण्याचा भार बाटलीच्या तळावर राहात नाही.

आता चंद्राकडे वळू. चंद्रावर वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्शाइतके असते. तेव्हा येथे २ मीटर उंच उडी मारणारा तेथे १२ मीटर उडी मारील, असे उत्तर चटकन दिले जाते. परंतु खेळाडूने आपल्या शरीराकडे नीट पाहिले, तर त्याला यातील चूक सापडेल. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीवर, कमरेच्या जवळपास असतो. २ मीटरची काठी ओलांडणाऱ्याने तो गुरुत्वमध्य खरे तर फक्त १ मीटरच वर उचललेला असतो. चंद्रावर तोच जोर लावला, तर गुरुत्वमध्य ६ मीटर वर जाईल, आणि उडी भरेल सुमारे ७ मीटरची. तीही अंगावर अंतराळवीराचा जड पोशाख नाही, असे धरून. हे बारीक उत्तर पुस्तकी विद्यार्थ्याच्या आधी खेळाडूला सुचण्याचा संभव अधिक. कारण आपली कंबर कोठे असते, हे उंच उडी मारणाऱ्याला चांगले ठाऊक असते.

चंद्रावर खेळ झालाच नाही, असेही नाही. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ या मोहिमेतील ॲलन शेपर्ड याने तेथे गोल्फचे दोन चेंडू मारले. दुसरा चेंडू मैलोन् मैल गेला, असे तो त्या वेळी विनोदाने म्हणाला, आणि पुष्कळांनी ते खरे मानले. पन्नास वर्षांनी जुन्या छायाचित्रांचा नीट अभ्यास करून अंतर काढण्यात आले, तेव्हा ते भरले सुमारे ३७ मीटर. पोशाख इतका ताठर होता, की त्याला एकाच हाताने चेंडू मारावा लागला होता. वजन सहाव्या हिश्शाइतके होते, पण हातही मोकळा नव्हता. मैदानावर टेप धरून उडी मोजणाऱ्या मुलांना या गोष्टीचे मर्म सांगावे लागत नाही. डोळ्यांनी पाहणे वेगळे आणि मोजणे वेगळे, हे त्यांना टेपनेच शिकविलेले असते.

खेळाडूला विज्ञानाकडून असे पुष्कळ मिळते. परंतु विज्ञानही खेळाडूचे ऋणी आहे. वजन जाणवेनासे झाले, की स्नायू दुबळे होतात आणि हाडे झिजू लागतात. म्हणून स्थानकावरील अंतराळवीरांना रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. राकेश शर्मा हे १९८४ साली अंतराळात गेले, तेव्हा तेथे शरीरावर होणारा परिणाम पाहण्यासाठी त्यांनी योगासने केली. २००७ साली सुनीता विल्यम्स यांनी स्थानकावरील फिरत्या पट्ट्यावर ४२ किलोमीटरांहून अधिक अंतराची मॅरेथॉन धावून पूर्ण केली. पट्ट्यावर पाय टेकावेत, म्हणून त्यांना ताणलेल्या पट्ट्यांनी खाली बांधून घ्यावे लागले होते. त्यांना सुमारे ४ तास २४ मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात त्यांच्यासह स्थानकाने पृथ्वीभोवती जवळजवळ तीन प्रदक्षिणा घातल्या. शुभांशु शुक्ला यांनी २०२५ साली त्याच स्थानकावर जे प्रयोग केले, त्यांत स्नायूंच्या वाढीविषयीचाही एक होता. शरीर कसे चालते हे ज्याने घाम गाळून जाणले आहे, अशा माणसाची या शास्त्राला गरज आहे.

यावर काही अनुभवी मार्गदर्शक एक आक्षेप घेतील, आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. ते म्हणतील, की विचार करून कोणी धावत नाही. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक दिले, ते समीकरणे सोडवून नव्हे, तर वर्षानुवर्षे लाल माती अंगाला लावून. हे अगदी खरे आहे. सरावाची जागा ज्ञान घेऊ शकत नाही. ढाक मारताना गुरुत्वमध्याची व्याख्या आठवीत बसणारा मल्ल स्वतःच चीत होईल. प्रश्नाला वेळ आणि जागा असते. फेरी अर्ध्यावर टाकून शंका विचारणे योग्य नाही, हेही कबूल केले पाहिजे.

परंतु सराव संपल्यावर तरी प्रश्नाला उत्तर मिळावे की नाही? ४०० मीटरच्या धावमार्गावर वळण घेताना धावक आतल्या बाजूला झुकतो. का झुकतो, हे त्याला सांगितले नाही, तरी तो झुकतोच. पण त्याचे शरीर सरळ रेषेत जाऊ पाहते, त्याला आत वळविणारा जोर बुटांच्या तळव्याशी जमिनीच्या घर्षणातून मिळतो, आणि वेग जितका अधिक तितके जास्त झुकावे लागते, हे एकदा कळले, म्हणजे ओल्या मैदानावर वळणाला वेग आवरावा हेही त्याला समजते. आतल्या वळणावर सेकंदाला ९ मीटर वेगाने धावणाऱ्याला सुमारे १३ अंश झुकावे लागते. खो-खोमध्ये पळणारी मुलगी खांब पकडून गर्रकन वळते, तेव्हा हाच आत ओढणारा जोर तिला खांबाकडून मिळतो. एकच नियम दोन खेळांत ओळखता आला, की तिसऱ्या खेळात तो शोधण्याची बुद्धी आपोआप होते. असा खेळाडू मार्गदर्शकाच्या आज्ञेने धावतो, त्याचबरोबर स्वतःच्या समजुतीनेही धावतो.

शिवाय शरीर आणि बुद्धी यांची फारकत ही पुण्याची परंपराही नव्हे. ज्यांच्या नावाने देवधर करंडक खेळला जात असे, ते प्रा. दि. ब. देवधर हे आपल्या काळचे नामांकित क्रिकेटपटू होते. आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे अध्यापन करीत. अणूची रचना उलगडणारे डेन्मार्कचे नील्स बोर हे तरुणपणी फुटबॉलचे गोलरक्षक होते. त्यांचे बंधू हाराल्ड यांनी १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे रौप्यपदक मिळविले, आणि पुढे ते मोठे गणिती झाले. या माणसांना सकाळी एक व्हावे आणि दुपारी दुसरे, असे करावे लागले नाही. ती जी काही होती, ती पूर्ण होती.

तेव्हा खेळाडूंच्या प्रश्नांना उत्तरे कशी द्यावीत? याचाही धडा पुण्यातच मिळतो. आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर हे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. व्याख्यानानंतर मुले त्यांच्याभोवती स्वाक्षरीसाठी वह्या घेऊन जमत. त्यांना ते सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवा, म्हणजे उत्तर आणि स्वाक्षरी दोन्ही मिळेल. आणि ते खरोखरच उत्तर पाठवीत. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. पण त्यांनी घालून दिलेला पायंडा मोलाचा आहे. प्रश्न विचारणारा वर्गात पहिला येतो की शेवटचा, तो पुस्तकात रमतो की मैदानात, याची चौकशी त्या पोस्टकार्डावर नसे. तेथे फक्त प्रश्न असे, आणि त्याचा मान राखला जाई.

या वागण्यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, प्रश्नाला हसू नये. कारण हसण्याने एक प्रश्न मरतो आणि त्याच्यामागून येणारे दहा प्रश्न जन्मालाच येत नाहीत. दुसरी, उत्तर असे द्यावे, की त्याची परीक्षा खेळाडूला स्वतः घेता येईल; चेंडू, बाटली, टेप आणि घड्याळ एवढी साधने प्रत्येक मैदानाजवळ मिळतात. तिसरी, जे ठाऊक नसेल, तेथे बनावट उत्तर देऊन मुलाला वाटेला लावू नये. 'उद्या पाहून सांगतो' हे शब्द उच्चारल्याने कोणत्याही गुरूचा मोठेपणा कमी होत नाही. उलट शोध कसा घ्यावयाचा, हे शिष्याला त्यातूनच कळते.

आणि खेळाडूंचेही एक कर्तव्य आहे. प्रश्न मनात आला, तर तो घामाबरोबर पुसून टाकू नये. सरावाच्या पिशवीत बुटांशेजारी एक लहानशी वही असावी. तीत प्रश्न लिहावा, त्याखाली तारीख घालावी, आणि उत्तर मिळेपर्यंत ते पान उघडेच ठेवावे. उत्तर मिळाले, की ते तसेच मान्य न करता मैदानावर नेऊन पडताळून पाहावे. आर्यभटाजवळ दुर्बीण नव्हती. पण त्याच्यापाशी प्रश्न होता. पहाटे मैदानावर येणाऱ्या मुलामुलींपाशी तर दोन्ही आहेत: प्रश्नही आहे, आणि तो पडताळून पाहण्यासाठी पायाखाली भलीमोठी फिरती पृथ्वीही आहे. त्यांना हवे आहे ते इतकेच, की कोणीतरी थांबून त्यांचा प्रश्न पूर्णपणे ऐकून घ्यावा.